मंगळवारचा फोन

इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन मी यवतमाळहून मुकुटबनला परत आले, तेव्हा गावात मला माहीत असलेला कॉम्प्युटर एकच होता. तो बँकेत होता, आणि त्याच्यावर बसणारे साहेब वणीहून जाणं-येणं करायचे. माझ्या डिग्रीवर कॉम्प्युटर इंजिनिअर असं लिहिलं होतं. गावात मात्र मला सगळे सिस्टरची पोरगी म्हणत.

सिस्टर म्हणजे माझी आई. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. वडील मी सातवीत असताना गेले, आणि त्यानंतर जिथे आईची बदली तिथे आम्ही दोघी. मुकुटबनला तिची बदली झाली तेव्हा मी होस्टेलवर होते, त्यामुळे ते गाव माझं कधी झालंच नाही. तिथे माझी शाळेतली मैत्रीण नव्हती, ओळखीचं घर नव्हतं. दवाखान्याच्या आवारातलं दोन खोल्यांचं क्वार्टर, समोर एक कडुनिंब आणि कुंपणापलीकडे कपाशीची वावरं.

होस्टेलच्या खोलीतल्या माझ्या दोघी मैत्रिणी पुण्याला गेल्या. एकीचे मामा तिथे होते, दुसरीची बहीण. आमचं पुण्यात कोणी नव्हतं. आई म्हणाली, "इथूनच अर्ज करत राय. बोलावलं का जाजो." तसं मी करत राहिले. बुद्धविहारातल्या वाचनालयात दुपारच्या बसने पेपर यायचा. तो आला की जाहिराती उतरवून घ्यायच्या आणि आठवड्यातून एकदा वणीच्या सायबर कॅफेत जाऊन बायोडेटा पाठवायचा. कॅफेत ट्रकवाल्यांची पोरं गेम खेळत बसलेली असायची. मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसून माझं काम आटपायचे आणि परतीच्या बसला लागायचे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. दवाखान्याच्या आवारापर्यंत फवारणीचा वास यायचा. कोणी फवारणीचं औषध पिऊन घेतलं की जीप यायची, आणि आई त्या माणसासोबत वणीपर्यंत जायची. परत आली की हात पुन्हा पुन्हा धुवायची, चहा घ्यायची आणि भिंतीला टेकून डोळे मिटायची. बाहेर पाहिलेलं घरात आणायचं नाही असं तिने ठरवलं असावं. मी विचारायचे नाही, ती सांगायची नाही. आमच्या घरात जेवण झालं का, पाणी भरलं का, लाइट कधी जाणार, एवढंच बोलणं उरलं होतं.

मला सगळ्यात जास्त कशाची आठवण यायची, तर माझ्या विषयावर बोलण्याची. होस्टेलवर आम्ही भांडायचो ते प्रोग्राम कोणाचा बरोबर यावरून. गादीवर बसून, वहीवर चौकोन काढून, एकमेकींना खोटं ठरवून. इथे ते सगळं डोक्यात तसंच पडून होतं, आणि ते बोलायला माणूस नव्हता.

पहिला इंटरव्ह्यू नागपूरला झाला. एका कॉलेजच्या हॉलमध्ये विदर्भातली सगळी पोरं लोटली होती. लेखी परीक्षेत मी पास झाले, मग गटचर्चेत बसवलं. आठ-दहा जण एकाच वेळी बोलत होते. माझं एक वाक्य झालं, तेही पूर्ण झालं नाही. घरी पाठवलं.

दुसरा इंटरव्ह्यूही नागपूरचाच, एका छोट्या कंपनीत. कंपनी म्हणजे एका फ्लॅटच्या तीन खोल्या होत्या. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने माझा बायोडेटा वाचला आणि प्रोजेक्टवर बोट ठेवलं. "हे काय आहे? सांगा बरं नीट."

आमचा प्रोजेक्ट कापसाच्या गाड्यांवर होता. खरेदी केंद्रावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांग लावून उभे राहतात, कधी कधी रात्र काढावी लागते. कोणाचा नंबर केव्हा लागेल हे सांगणारा प्रोग्राम आम्ही लिहिला होता. मी सांगत गेले, तो विचारत गेला. एकाच वेळी वजनाचे दोन काटे सुरू झाले तर? पाऊस आला आणि काटा बंद पडला तर? मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि आकृत्या काढल्या. चहा आला, तो गार झाला. शेवटी तो म्हणाला, "तुमचं काम चांगलं आहे. पण मला एक-दोन वर्षं काम केलेला माणूस पाहिजे. शिकवायला वेळ नाही माझ्यापाशी."

घरी पोचले तर आई दारातच होती.

"काय झालं व तिकडं?"

"नाही झालं."

"मंग हसून काहून राह्यली?"

मला ते माहीत नव्हतं. आईने विचारल्यावर कळलं की मी हसत होते. "त्यायनं मले लय विचारलं," मी म्हणाले. आईने ताट वाढायला घेतलं.

त्यानंतर मी इंटरव्ह्यूची वाट दुसऱ्याच कारणासाठी पाहू लागले. नोकरी पाहिजेच होती. पण कोणीतरी समोर बसेल, माझ्या हातचं काम पाहील, आणि हे असं का केलं म्हणून विचारेल, याची भूक जास्त होती. संध्याकाळी दवाखान्याच्या मागच्या, शेतांतून जाणाऱ्या पांदणीने मी चालत जायचे आणि स्वतःलाच प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं द्यायचे, इंग्रजीत, मोठ्याने. एकदा वावरातून दोन बाया डोक्यावर भारे घेऊन समोरून आल्या आणि मी एकदम गप्प झाले. त्यांना वाटलं असेल सिस्टरच्या पोरीला काहीतरी झालं. पुढे जाऊन एकीने मागे वळून पाहिलं तेवढं.

बायोडेटावर फोन नंबर म्हणून मी बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथचा नंबर दिला होता. बूथ एका बाईचा होता. तिला मी काकू म्हणायचे. काकू घरात तेलुगू बोलायची आणि गिऱ्हाइकांशी आपली वऱ्हाडी. बूथच्या काचेच्या खोलीबाहेर तिने शिवणयंत्र टाकलं होतं. फोनवर नजर ठेवत ती ब्लाउज शिवायची. अर्ज पाठवला की मी तिला सांगून ठेवायचे, आणि ती दर वेळी म्हणायची, "आला का पाठवतो कोनाले तरी बलवाले."

हैदराबादच्या कंपनीचं ईमेल आलं त्यात लिहिलं होतं की मंगळवारी दुपारी फोनवर पहिली मुलाखत होईल. मी सकाळीच बूथवर जाऊन बसले. काकूने दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं की दुपारी फोन रिकामा पाहिजे. फोन वाजला तसं तिने यंत्राच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

पलीकडे पुरुषाचा आवाज होता. सावकाश बोलणारा, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारा. माझं इंग्रजी तसं पुस्तकी होतं, पण तो थांबायचा म्हणून मला शब्द गोळा करायला वेळ मिळायचा. स्वतःबद्दल सांगा वगैरे झालं. मग तो म्हणाला, "तुमच्या प्रोजेक्टमध्ये एक रांग आहे. कसली?"

"कापसाच्या गाड्यांची."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सांगा," तो म्हणाला.

मी सांगितलं. त्याने मध्ये अडवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाला, "एखादी गाडी रांगेच्या मधूनच निघून जाते का कधी?"

"जाते. एखाद्याला व्यापारी बाहेरच भाव देतो."

"ठीक आहे. आता असं समजा, तुम्ही त्या मधल्या गाडीजवळ उभ्या आहात. तुम्हाला ती गाडी दिसते आणि तिच्या मागच्या गाड्या दिसतात. पुढच्या दिसत नाहीत, आणि रांगेच्या सुरुवातीला जायला तुम्हाला मनाई आहे. प्रत्येक गाडीला फक्त आपल्या मागची गाडी माहीत आहे. ही मधली गाडी रांगेतून कमी करायची. कशी कराल?"

मी म्हणाले, पुढच्या गाडीला सांगावं लागेल की आता तुझ्या मागे दुसरी गाडी आहे.

"पण पुढची गाडी तुम्हाला सापडत नाही."

"मग प्रत्येक गाडीला पुढची आणि मागची, दोन्ही माहीत ठेवू."

"ते पुस्तकातलं झालं. समजा तेवढी जागा नाही आपल्याकडे."

काचेबाहेर काकू हात चाकावर ठेवून माझ्याकडे बघत होती. तो म्हणाला, "घाई नाही. विचार करा. पुढच्या मंगळवारी याच वेळी मी फोन करतो." आणि फोन ठेवला.

बाहेर आले तर काकू म्हणाली, "कोन होता व तो?"

"कंपनीचा माणूस."

"त्याच्याशी बोलतानी तुवा आवाज दुसराच येते," ती म्हणाली, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

तो आठवडा माझा फार चांगला गेला. डोक्यात एक गाठ होती आणि ती सोडवायची होती. झाडताना, पाणी भरताना, पांदणीवर चालताना मी त्या गाडीपाशी उभी असायचे. उत्तर सापडलं ते एका दुपारी. सकाळचं वरण उरलं होतं. मोठा गंज, म्हणजे पातेलं, घासायला टाकायचं म्हणून ते मी लहान गंजात ओतलं, आणि ओतता ओतता थांबले. मधली गाडी हलवायची गरजच नव्हती. ती रिकामी करायची, मागच्या गाडीतला माल तिच्यात भरायचा, मागचीचा नंबरही तिलाच द्यायचा, आणि मागची रिकामी झालेली गाडी बाहेर काढायची. मागची तर मला दिसत होती.

मी तशीच ओल्या हाताने दवाखान्यात जाणार होते. पण तेवढ्यात आईच घरी आली. तिने चपला काढल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, पुन्हा साबण लावून धुतले.

"आई, एक गंमत सांगू तुले?"

"सांग."

मी सुरुवात केली. खरेदी केंद्र, गाड्यांची रांग, मधली गाडी. आई भिंतीला टेकून बसली होती. तिसऱ्या वाक्याला तिचे डोळे मिटले. ती झोपली नव्हती, कारण बोटं पदराशी चाळा करत होती. त्या सकाळी जवळच्या खेड्यातला एक माणूस जीपमधून वणीला नेला होता, हे मला संध्याकाळी नळावर कळलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, पण मी थांबले.

"मंग?" आई म्हणाली, डोळे न उघडता.

"काही नाही. नंतर सांगतो."

तिने मान हलवली. मी लहान गंजावर झाकण ठेवलं आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले. इतकी आनंदात आणि इतकी एकटी मी त्याआधी कधी नव्हते. उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलेलं, आणि मंगळवारला अजून बरेच दिवस होते.

मंगळवारी फोन मेला होता. भारनियमनात एक्स्चेंजची बॅटरी उतरली होती. रिसीव्हर कानाला लावला की नुसती पोकळी. काकू म्हणाली, "जाय घरी, आज काही याचं नाही." मी गेले नाही. काचेच्या खोलीतल्या स्टुलावर बसून राहिले. बस आल्या, गेल्या. संध्याकाळी काकूने यंत्राला कव्हर घातलं तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूच्या शेजारचा पानठेलेवाला दवाखान्याच्या फाटकावर येऊन ओरडला, "सिस्टरची पोरगी हाये का? हैद्राबादचा फोन हाये!" मी पळत गेले. काकूने रिसीव्हर टेबलावर ठेवला होता.

"काल लागला नाही," तो आवाज म्हणाला.

"लाइट नव्हती," मी धापा टाकत म्हणाले.

"बसा. आधी दम घ्या."

मी दम घेतला आणि उत्तर सांगितलं.

"छान. आणि काढायची गाडी सगळ्यात शेवटची असेल तर?"

याचाही विचार मी केला होता. "तिच्या मागे कोणी नाही. मग या पद्धतीने नाही जमत."

"बरोबर. नाही जमत असं सांगणारे फार थोडे असतात."

मग त्याने आणखी काही विचारलं, ते मला आता आठवत नाही. आठवतं ते शेवटचं. तो म्हणाला, "मी शहरात वाढलो. कापूस झाडावर कसा दिसतो ते मी पाहिलेलं नाही. ते लोक दिवसभर रांगेत काय करतात?" मी सांगितलं की बैल सोडून गाडीला बांधतात, गाडीखाली सावलीत झोपतात, शेजारच्या गाडीवाल्याला लक्ष ठेवायला सांगून चहाला जातात. सरकी चिकटलेला कापूस अंगभर होतो. तो ऐकत होता. "थँक यू," म्हणाला. "आता तुम्हाला हैदराबादला यावं लागेल. ऑफिसमधून कळवतील."

घरी येताना मी त्याचा चेहरा ठरवून टाकला होता. चाळिशीचा, केस थोडे पांढरे, शिक्षकासारखा. हैदराबादला गेल्यावर तो मला लगेच ओळखेल असंही वाटलं. कसा ओळखेल, याचा विचार मी केला नाही.

आईला रजा मिळाली नाही, म्हणून एकटीच गेले. पांढरकवड्याहून आदिलाबाद, तिथून हैदराबादची बस. काकूची बहीण तिकडे राहायची, तिच्याकडे उतरले. ती माणसं भली होती. घरात सगळे तेलुगूच बोलत. मला भात आणि पप्पू, म्हणजे त्यांचं वरण, वाढताना ती बाई सारखी काहीतरी विचारायची आणि मी सारखी मान हलवायची. होकाराला हलवते की नकाराला, हे तिला कळत नसावं, कारण भात वाढतच होता. त्यांच्या घरात मला इतकं जपलं, आणि एक वाक्य बोलता आलं नाही.

कंपनीच्या ऑफिसात थंडी होती. काचेच्या दारामागे खुर्च्यांवर बरीच पोरं-पोरी बसली होती, मांडीवर फायली. माझ्या बाजूला गुंटूरची एक मुलगी होती. तीच आधी बोलली. "तुझा फोनवरचा राउंड कोणी घेतला?"

"नाव मला नीट कळलं नाही. सावकाश बोलतात ते."

"तेच. मलाही तेच होते. रांगेतून मधला माणूस काढायचा, तोच प्रश्न ना?" तिला बँकेतली रांग दिली होती. "आणि म्हणाले, विचार करा, पुढच्या आठवड्यात फोन करतो."

"हो."

"आणि शेवटचा माणूस असेल तर जमत नाही म्हटल्यावर म्हणाले, असं सांगणारे फार थोडे असतात." ती हसली. "सगळ्यांना म्हणतात. माझ्या भावाच्या मित्रालाही म्हणाले होते."

मीही हसले. कागदी पेल्यातलं पाणी प्यायले. मला राग कोणावरच येत नव्हता, तो माणूस आपलं काम करत होता. पण त्या आठवड्यातला आनंद मी माझा एकटीचा समजले होते, आणि इथे प्रत्येक खुर्चीवर तो थोडा थोडा बसलेला होता. नंतर ती मुलगी काहीबाही सांगत राहिली, मी ऐकलं नाही.

आत तिघं होते. एक बाई, एक जाडसर गृहस्थ, आणि मध्ये एक तरुण. तो बोलेपर्यंत मला कळलं नाही. जेमतेम तिशीचा, डोळ्याखाली काळं, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. बोलला तेव्हा आवाज तोच, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारा. त्याने समोरचा कागद पाहिला, मग मला.

"कापसाच्या गाड्या," तो म्हणाला.

"हो."

एवढंच. मग फळ्यावर लिहायला लावलं. दोन प्रश्नांतला एक मला आला. दुसऱ्यात मी अडकले, तो खडू हातात घेऊन मदत करेल असं वाटलं, पण तो बसून राहिला. जाडसर गृहस्थांनी काही विचारलं नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "तुमचं शिक्षण संपून वर्ष होत आलं. या वर्षात तुम्ही काय केलं?"

याचं उत्तर मी पांदणीवर कितीदा पाठ केलं होतं. स्वतःहून अभ्यास केला, नव्या गोष्टी शिकले, असं काहीतरी. ते आलंच नाही तोंडात.

"इंटरव्ह्यू दिले," मी म्हणाले.

तिघंही हसले. वाईट नव्हते हसत.

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात बोलायला कोणी नव्हतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. तो तरुण म्हणाला, "मग सराव कोणासोबत करायच्या?"

"एकटीच. शेताच्या वाटेवर चालायचे आणि बोलायचे."

त्याने मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बाई म्हणाल्या, "आम्ही कळवू." उठून दाराशी आले तेव्हा मला वाटलं, काय बोलून बसलो आपण. परतीच्या बसमध्ये तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. निर्मल गेलं, आदिलाबाद आलं, तरी ते जात नव्हतं.

घरी आईने विचारलं, "कसा झाला?" मी म्हणाले, "मालूम नाही."

काही आठवड्यांनी मी वणीला कॅफेत गेले होते, त्या दिवशी फोन आला. काकूने उचलला. पलीकडे ऑफिसातली बाई इंग्रजीत बोलत होती. काकूला काही कळेना, म्हणून ती तेलुगूत म्हणाली की पोरगी बाहेर गेली. तशी ती बाईही तेलुगूत आली. दोघींचं सगळं बोलणं झालं. मला घेतलं आहे, कधी यायचं, सोबत काय आणायचं, राहायची सोय कुठे, सगळं काकूने नीट विचारून घेतलं. मग बूथला कुलूप लावून ती चालत दवाखान्यात गेली आणि बायांच्या रांगेतून वाट काढत आईपाशी उभी राहिली.

मी बसमधून उतरले तेव्हा दोघी स्टँडवर होत्या. आई ड्युटीच्या पांढऱ्या साडीत होती. मला वाटलं काही वाईट झालं.

"झालं तुवं," काकू म्हणाली. "त्या बाईनं मले समदं सांगतलं."

आईने माझ्या हातातली पिशवी घेतली. "किती वाट पायची बसची," एवढं म्हणाली, आणि पदराने तोंड पुसलं. घरापर्यंत ती माझ्या पुढे चालत होती. काकूच बोलत होती, तिकडे भात खावा लागेल, तेलुगू मी शिकवतो तुले, बहिणीकडे जात जाय. माझी बातमी मला सगळ्यांच्या शेवटी मिळाली होती, आणि तशीच ती मला आवडली.

हैदराबादला मी रुजू झाले. तो तरुण दुसऱ्या मजल्यावर होता. कॅन्टीनमध्ये दिसायचा, मान हलवायचा. मी खूपदा ठरवलं की त्याच्यासमोर ताट घेऊन बसायचं आणि बोलायचं. काय बोलायचं तेही ठरलेलं असायचं. पण त्याच्याभोवती त्याचे लोक असायचे, आणि मी पांदणीवर होते तेव्हा जितकी जवळ होते तितकी त्या कॅन्टीनमध्ये कधीच नव्हते. काही महिन्यांनी तो अमेरिकेला गेला. मजल्यावर केक कापला. मला कागदाच्या ताटलीत एक तुकडा मिळाला, तो मी माझ्या जागेवर बसून खाल्ला.

आता माझ्या विषयावर बोलायला दिवसभर माणसं होती. खोलीवर तीन मुली होत्या, तिघीही इंजिनिअर. आम्ही प्रोग्रामवरून भांडायचो. पण मले, तुले म्हणायला कोणी नव्हतं. एकदा हातून पेला पडला आणि मी "अव माय" म्हणाले, तर तिघी हसल्या आणि त्याचा अर्थ विचारला. मी अर्थ सांगितला. त्यानंतर त्या शब्दांना मी जपून ठेवलं.

पहिल्या दिवाळीला मी मुकुटबनला गेलेच नाही. आईची बदली दिग्रसला झाली होती. यवतमाळहून दिग्रसची बस पकडली. गाव लागायच्या आधीच जिनिंगची धूळ दिसली, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके चिकटलेले. आई स्टँडवर आली होती. तिच्या मागे मागे मी नव्या क्वार्टरमध्ये गेले. कुठली खोली कुठे, पाणी कुठून येतं, सगळं मला पाहुण्यासारखं विचारावं लागलं. भांडी मात्र आपलीच होती.

आईत फरक पडला होता. बसली की बोलायची. इथल्या बायांचं, बाळंतपणांचं, शेजारच्या कंपाउंडरचं. जेवायला बसलो तेव्हा तिने मला भाकर वाढली आणि म्हणाली, "तो इंटरव्ह्यू झालता ना तुवा, फोनवरचा. काय विचारलं होतं व त्यायनं?"

मी तिच्याकडे बघितलं. "आता काहून विचारते?"

"तवा मले ऐकू येत नव्हतं," आई म्हणाली. "तू सांगून राह्यली हे दिसे. पण ऐकूच नाही ये."

मी घास खाली ठेवला. ताटातल्या भाकरीचे तुकडे ओळीने मांडले आणि म्हणाले, "हे पाय, ह्या कापसाच्या गाड्या. तू हिच्यापाशी उभी हायेस. पुढचं काही दिसत नाही तुले."

"बरं," आई म्हणाली, आणि वाकून नीट पाहू लागली. "मंग मांगची तं दिसते ना?"

"दिसते."

ती विचार करत होती. कपाळावर आठी आणून, रुग्णाची नाडी पाहताना आणायची तशी. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली, "सिस्टर, व सिस्टर, कळा सुरू झाल्या." आई उठली, हात धुतला, खुंटीवरची पिशवी घेतली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "उत्तर नको सांगू. मी येतो मंग पायतो."

ती गेली. बाळंतीण अडली होती, आईला यायला वेळ लागला. मी भाकरीचे तुकडे तसेच ठेवले, तिच्या ताटावर झाकण घातलं, आणि नव्या गावातल्या त्या घरात दार उघडं ठेवून बसून राहिले.